दिवसाउजेडी रेल्वेप्रवास: कोणता मार्ग, कोणत्या दिशेने, कोणती जागा?

सांजवारा

नमस्कार मंडळी. वारंवार रेल्वेने फिरणाऱ्यांना विचारायचं आहे. पोहोचण्यासाठी नाही, तर खिडकीतून बघण्यासाठी म्हणून प्रवास करायचा असेल, तर महाराष्ट्रातून सहज जाता येतील असे तुमचे आवडते मार्ग कोणते?

आम्ही पुण्याचे, चौघे जण. त्यात आई-बाबा दोघेही साठीच्या पुढचे. रात्रभर प्रवास करून सकाळी उतरायचं, असं यंदा नको आहे. डोंगर, नद्या, घाट उजेडात दिसायला हवेत. एक फेरी पावसाळ्यात आणि एक डिसेंबर-जानेवारीत करायचा विचार आहे.

नेमकं हे हवंय: कोणती गाडी, कोणती बाजू, कोणता डबा, तिकीट कसं आणि कधी काढायचं, ज्येष्ठांना सोबत नेताना तुम्ही काय काळजी घेता. 'कोकण रेल्वे बेस्ट' एवढंच नका लिहू, ते ऐकून माहीत आहे. :)

---

रूळबदल

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. मार्ग निवडताना दिशाही निवडायची असते. जाताना जी गाडी सबंध घाट उजेडात दाखवते, तीच गाडी येताना तोच घाट अंधारात पार करते. त्यामुळे जाण्या-येण्याचं तिकीट एकाच गाडीचं डोळे झाकून काढू नका.

कोकणाचंच घ्या. सीएसएमटीहून पहाटे ५.१० ला सुटणारी जनशताब्दी दुपारी दोनच्या सुमारास मडगावला पोहोचते. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे रोह्यापासून पुढचं सगळं कोकण स्वच्छ उजेडात. हीच जनशताब्दी मडगावहून दुपारी अडीचच्या पुढे परत निघते. हिवाळ्यात रत्नागिरी येईपर्यंत सूर्य कलतो आणि चिपळूण, खेड, महाड हा सगळा सुंदर पट्टा काळोखात जातो. काचेच्या छताच्या विस्टाडोम डब्याचं महाग तिकीट परतीला काढणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात.

मांडवी एक्सप्रेस सकाळी ७.१० ला सीएसएमटीहून निघते आणि संध्याकाळी मडगावला पोहोचते. जनशताब्दीपेक्षा हळू, थांबे जास्त, पण तुमच्यासारख्यांना मी मांडवीच सुचवेन. पहाटे तीनला उठावं लागत नाही, पँट्री (गाडीतलं स्वयंपाकघर) चांगली म्हणून तिचा लौकिक आहे आणि जेवण गरम मिळतं. क्रॉसिंगला गाडी थांबली की स्टेशनवरची झाडं, माणसं निवांत बघता येतात. रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर कोकण रेल्वे मुख्यतः एकेरी आहे, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत साइडिंगला उभं राहणं आलंच. याला वैतागणाऱ्याने दिवसाच्या गाडीत बसू नये.

समुद्राची अपेक्षा मात्र ठेवू नका. पनवेल ते मडगाव हा मार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे. दिसतात त्या नद्या, खाड्या, भातखाचरं, जांभा दगडाचे उभे कापलेले कडे आणि बोगदे. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल लागतो, त्याची उंची ६४ मीटर. गाडी पुलावर असताना आतून पूल दिसत नाही, फक्त खाली झाडांचे शेंडे दिसतात. म्हणून रत्नागिरी सुटली की मोबाइल बाजूला ठेवून खिडकीशी बसा, तो पूल काही सेकंदांत संपतो. गोव्यात थिवी ते करमळीच्या दरम्यान मांडवी नदी आणि मडगावच्या आधी झुआरी, दोन्ही पात्रं रुंद आहेत.

बाजू: दक्षिणेकडे जाताना डावीकडे सह्याद्री, उजवीकडे पश्चिम. सकाळी ऊन डावीकडून येतं, दुपारी बारानंतर उजवीकडून. एसी नसलेल्या डब्यात उजवीकडे बसलात तर सकाळ सुखाची, पण रत्नागिरीनंतर तिरीप थेट तोंडावर. डोंगर बघायचे असतील तर दुपारनंतर डावी बाजू उत्तम, कारण प्रकाश डोंगरावर पडलेला असतो.

आणि खरोखर समुद्रच हवा असेल तर मडगावच्या पुढे जा. कारवार ते उडुपी या पट्ट्यात रेल्वे किनाऱ्याच्या बरीच जवळ येते. होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब पूल. इथेही दिशेचंच गणित. मत्स्यगंधा मुंबईहून दुपारी सुटते आणि कारवार मध्यरात्रीनंतर ओलांडते. मंगळुरूहून मात्र ती दुपारी निघते, म्हणजे हा सगळा पट्टा उतरत्या उन्हात. उत्तरेकडे येताना पश्चिम डावीकडे, तेव्हा डावी खिडकी.

---

घाटमाथा

वर कोकणाचं नेमकं लिहिलंय. मी घरच्या अंगणातल्या भोर घाटाबद्दल लिहितो, कारण पुणेकर तो इतक्या वेळा झोपेत पार करतात की त्याचं मोल राहिलेलं नाही.

घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत आणतात. कर्जतला गाडी थांबते ती यासाठी. फलाटावरचा वडापाव हा त्या थांब्याचा फायदा. वंदे भारतला बँकर लागत नाही, त्यामुळे तिच्यात हा सगळा प्रकार अनुभवता येत नाही आणि घाटही भराभर मागे पडतो. बघायलाच जायचं असेल तर वंदे भारत नको.

गाड्यांच्या वेळा अशा:

डेक्कन एक्सप्रेस मुंबईहून सकाळी ७ ला, पुण्याहून दुपारी सव्वातीनला. दोन्ही दिशांना, बाराही महिने घाट उजेडात. एवढी सोयीची दुसरी गाडी नाही, शिवाय विस्टाडोम आहे.

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला निघते, घाट कोवळ्या उन्हात. मुंबईहून मात्र संध्याकाळी ५.१० ला. मे महिन्यात कसाबसा उजेड मिळतो, डिसेंबरात कर्जत येण्याआधीच अंधार. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीची डायनिंग कार अजून चालू आहे. तिथे बसून ऑम्लेट-टोस्ट खायचं असेल तर पुणे सुटल्यावर लगेच जा, लोणावळ्यानंतर जागा मिळत नाही.

विस्टाडोमबद्दल नीट समजून घ्या. ४४ खुर्च्या, मोठ्या काचा, छतालाही काच. खुर्च्या फिरतात, पण जोडीने. शेजाऱ्याची तयारी असेल तरच तुम्ही खिडकीकडे तोंड करू शकता, त्यामुळे दोन-दोन जागा शेजारी असतील असं बघा. छत काचेचं असल्याने डोक्यावर सामानाची फळी नाही. बॅगा दाराजवळच्या कप्प्यात ठेवाव्या लागतात आणि तो कप्पा लवकर भरतो. डब्याच्या टोकाला उभं राहून बघायची मोठी काच आहे, पण त्या टोकाला इंजिन किंवा बँकर लागलं की समोर फक्त इंजिनाचं तोंड. या काचेसाठी म्हणून जादा पैसे मोजू नका.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. बाहेर दमट, आत एसी, मग काचेला बाहेरून बाष्प धरतं. ते आतून पुसून जात नाही. कोचमधल्या कर्मचाऱ्याला एसीचं तापमान थोडं वाढवायला सांगा, दहा-पंधरा मिनिटांत बरंच निवळतं. फोटो काढताना मोबाइल काचेला अगदी टेकवून धरा, नाहीतर आतले दिवे फोटोत येतात.

---

लोंढा_पॅसेंजर

विस्टाडोमला माझा विरोध नाही, पण पावसाळी घाट काचेआडून बघणं म्हणजे अर्धाच घाट. ओल्या मातीचा वास, बोगद्यातून बाहेर पडताना अंगावर येणारा गार वारा, धबधब्याचा आवाज हे सगळं उघड्या खिडकीतच. आई-बाबांना एसी द्या, पण घाटाच्या तासाभरासाठी स्लीपरचा किंवा सेकंड सीटिंगचा डबा खरोखर बरा.

दूधसागर धबधब्याबद्दल. कॅसल रॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट, चढ इथेही १:३७. धबधब्याची उंची सुमारे ३१० मीटर आणि रेल्वेचा पूल बरोबर त्याच्या समोरून जातो. पुण्याहून गोव्याला जाणारी गोवा एक्सप्रेस हा घाट मध्यरात्रीनंतर उतरते, काहीही दिसत नाही. दरवर्षी कितीतरी लोक 'दूधसागर मार्गे' म्हणून हे तिकीट काढतात आणि पहाटे मडगावला डोळे चोळत उतरतात. उलट दिशेची, म्हणजे वास्कोहून दुपारी ३ ला सुटणारी १२७७९ गोवा एक्सप्रेस, घाट दुपारी चार ते सहाच्या दरम्यान चढते. कुळेला बँकर लागतात, गाडी बराच वेळ थांबते. तिथून पुढे खिडकी सोडू नका. धबधबा आधी दुरून, झाडीतून दिसतो, मग गाडी वळत वळत थेट त्याच्या पायाशी येते. तुम्ही चौघे आहात तर दोन्ही बाजूंना दोघे-दोघे बसा. डब्यातली माणसं पुलावर एका बाजूला धाव घेतातच, त्या गर्दीत ज्येष्ठांनी उठू नये.

पुणेकरांसाठी सगळ्यात चांगली फेरी ही: पनवेल ते मडगाव मांडवीने, गोव्यात मुक्काम, परत येताना गोवा एक्सप्रेस. दोन्ही टप्पे उजेडात, आणि आलेल्या वाटेने परत जावं लागत नाही. अडचण एकच, गोवा एक्सप्रेस पुण्यात भल्या पहाटे आणून सोडते. ते टाळायचं असेल तर रात्री आठच्या सुमारास बेळगावला उतरा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या गाडीने मिरजमार्गे पुणे. रात्रीची जाग्रणंही नकोत म्हणालात, तर हेच करा.

एक कळकळीचं सांगणं. दूधसागरला उतरू नका, रुळांवर चालू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली कारवाई होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वळणावर मागून येणारी गाडी धबधब्याच्या आवाजात ऐकू येत नाही. आणि खिडकीतून वेष्टनं, बाटल्या टाकू नका. हा अभयारण्याचा भाग आहे आणि तिथे झाडायला कोणी येत नाही.

---

सांजवारा

कमाल माहिती, मनापासून आभार. दिशेचा विचार आम्ही केलाच नव्हता, गोवा एक्सप्रेसचं जातानाचंच तिकीट काढायला निघालो होतो!

दोन प्रश्न. मांडवीला पनवेल ते मडगाव बघितलं तर वेटिंग दिसतंय आणि ते हलत नाही म्हणतात. असं का? आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात म्हणजे नेमकं काय?

---

तिकीटखिडकी

दोन्हींचं उत्तर सविस्तर देतो.

वेटिंग का हलत नाही. गाडीतल्या जागा वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात. गाडी सुटते तिथून, किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनांवरून शेवटपर्यंत जाणाऱ्यांना मोठा कोटा मिळतो, त्याचं वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल. मधल्या स्टेशनांना छोटे कोटे असतात, त्यांचं वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल. छोट्या कोट्यात रद्द होणारी तिकिटंही थोडीच, म्हणून ते हलत नाही. जीएनडब्ल्यूएल २० निघू शकतं आणि पीक्यूडब्ल्यूएल ६ अडकून पडू शकतं. आकड्याकडे बघण्याआधी अक्षरं बघा.

उपाय असा. पनवेलऐवजी सीएसएमटी ते मडगाव शोधा. जागा असेल तर ते तिकीट काढा आणि बुक करतानाच चढण्याचं स्टेशन पनवेल टाका. भाडं थोडं जास्त पडतं. तिकीट आधीच काढलं असेल तर चढण्याचं स्टेशन नंतरही बदलता येतं, पण किमान एक दिवस आधी बदला. एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क जातो, हे विसरू नका. आणि न बदलता परस्पर पनवेलला चढायला गेलात, तर टीसी तोवर जागा दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो.

कधी काढायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे, प्रवासाचा दिवस सोडून. सकाळी ८ ला खिडकी उघडते. उदाहरणार्थ, १२ सप्टेंबरचं तिकीट १४ जुलैला. पण हे ६० दिवस गाडी *जिथून सुटते* त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही चढता त्या तारखेपासून नाही. तिरुअनंतपुरमहून येणारी नेत्रावती रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे रत्नागिरीहून चढणाऱ्याचं बुकिंग त्याच्या प्रवासाच्या ६१ दिवस आधी उघडतं. ६० मोजत बसलेल्यांना एक दिवस उशीर होतो आणि मग 'पहिल्याच मिनिटाला वेटिंग' अशी तक्रार ऐकू येते. तत्काळचंही तसंच: एसीचं सकाळी १० ला, बिगर-एसीचं ११ ला, गाडी सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी. गणपती, शिमगा, दिवाळी, मे या काळात हा एक दिवसच सगळं ठरवतो.

आयआरसीटीसीच्या (ऑनलाइन तिकिटांच्या) खात्याला आधार जोडून ठेवा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आधारशिवाय मिळत नाही, आणि पुढे साध्या आरक्षणाच्या सुरुवातीच्या वेळेलाही हीच अट आली. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवा. आठ वाजता नावं टाइप करत बसलात तर संपलंच.

ज्येष्ठांसाठी लोअर. इथे चौघांचं एकत्र तिकीट काढणं महागात पडतं. लोअर बर्थचा ज्येष्ठ नागरिक कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना मिळतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघे आणि दोघेही त्या अटीत बसणारे असतील तरच. तरुण माणूस त्या तिकिटावर आला की कोटा गेला. म्हणून आई-बाबांचं वेगळं तिकीट त्या कोट्यातून, तुमचं वेगळं सर्वसाधारण. डबे वेगळे येण्याची शक्यता राहते. तुमचं तिकीट काढताना त्यांचा डबा कोणता आला ते बघून डब्याची पसंती टाका, बऱ्याचदा जमतं. मार्च २०२० पासून ज्येष्ठांची भाडेसवलत बंद आहे, ती मिळेल असं धरून हिशेब करू नका.

वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपर किंवा एसीत चढू नका. ऑनलाइनचं वेटिंग चार्ट (जागांची अंतिम यादी) लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं कागदी वेटिंग असलं तरी आरक्षित डब्यात बसायला ते चालत नाही.

पावसाळी वेळापत्रक. कोकण रेल्वे दरवर्षी जूनच्या मध्याच्या सुमारास ते लागू करते. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडी आणि कमी दिसण्यामुळे वेग उतरवलेला असतो. जोराच्या पावसात ताशी ४० किलोमीटरवर आणतात. त्यामुळे प्रवास लांबतो, एवढं सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट ही की, मुंबईला ठरल्या वेळेत पोहोचता यावं म्हणून दक्षिणेकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या नेहमीपेक्षा *आधी* सोडतात, काही तर तास-दोन तास. गाडी चुकते ती इथे. आणि काही गाड्यांचे दिवस कमी होतात. मडगाव वंदे भारत एरवी आठवड्यातले सहा दिवस, पावसाळ्यात तीनच.

शिवाय गाडी मध्येच अडकू शकते. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि चारच दिवसांनी दिवाणखवटी-विन्हेरे दरम्यान दरड आली, गाड्या तासन् तास खोळंबल्या. तेव्हा पावसाळी फेरीत परतीचा दिवस आणि घरची महत्त्वाची तारीख यांत एक दिवस मोकळा ठेवा. ज्येष्ठांची औषधं एक दिवसाची जास्त घ्या, आणि ती बॅगेत खाली नाही, हाताशी.

---

साइड_लोअर

आता डब्यातलं.

स्लीपर आणि थ्री-टियर एसीत एका कप्प्यात आठ बर्थ: १ आणि ४ लोअर, २-५ मिडल, ३-६ अपर, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. मग ९ पासून तोच क्रम. टू-टियरला सहाचा कप्पा: १ आणि ३ लोअर, ५ साइड लोअर. दिवसाच्या प्रवासात खिडकी मिळते ती लोअर आणि साइड लोअरला.

नंबरवरून बाजू कळत नाही, हे लक्षात ठेवा. साइडचे बर्थ डाव्या खिडकीला येतील की उजव्या, ते डबा कोणत्या तोंडाने जोडलाय त्यावर ठरतं. म्हणून 'उजवीकडची खिडकी' आरक्षणात मागता येत नाही. मुख्य कप्प्यातला लोअर घेतलात तर समोरच्या साइडच्या खिडकीतूनही थोडं दिसतं, शिवाय गाडीत गर्दी नसेल तर उठून तिकडे बसता येतं. दोघांनाच जायचं असेल तर साइड लोअर आणि साइड अपर घ्या: दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या होतात, मध्ये खिडकी, शेजारी कोणी नाही. वयस्कांना झोपायला मात्र साइड लोअर नको. लांबी कमी पडते, आणि दोन सीट जोडून केलेल्या त्या बर्थची मधली फट पाठीला टोचते.

मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा. दिवसभर मिडलवाला झोपून राहिला तर खाली कोणालाही ताठ बसता येत नाही. गोडीत सांगून ऐकलं नाही तर टीसीला बोलवा, नियम तुमच्या बाजूने आहे.

पुढचं सवयीचं.

२२ डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटर फलाट. आपला डबा कुठे येतो ते इंडिकेटरवर बघून आधीच तिथे उभे राहा. कोकणातल्या लहान स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटं थांबते आणि काही ठिकाणी फलाट कमी उंचीचे आहेत, त्यामुळे उतरण्याच्या दहा मिनिटं आधी सामान दारापाशी, ज्येष्ठ मधे, एक जण आधी खाली.

बॅग लोअरखाली आडवी सरकेल एवढीच घ्या. मोठी कडक सुटकेस तिथे अडते आणि मग सगळ्यांच्या पायांत येते. लोअरखाली लोखंडी कड्या असतात, साखळी-कुलूप त्याला लावायचं.

बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद ठेवतात. संध्याकाळीच मोबाइल भरून घ्या.

खाण्याचं: धपाटे, दशम्या, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी मे महिन्यात दुपारपर्यंतही टिकत नाही, दहीभातही नको. 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, २० मागितले तर बिल मागा. पँट्रीचं जेवण हवं असेल तर दीड-दोन तास आधी सांगून ठेवा, उशिरा सांगणाऱ्याला उरलेलं मिळतं.

डब्यात पाणी संपलं, एसी बिघडला, कोणी त्रास देतंय, तर १३९ वर फोन किंवा रेलमदतवर तक्रार, पीएनआर आणि डबा क्रमांकासह. पुढचं मोठं स्टेशन येण्याच्या निदान अर्धा तास आधी करा म्हणजे तिथे माणूस तयार असतो. गाडी सुटल्यावर केलेल्या तक्रारीला पुढच्या स्टेशनापर्यंत कोणी काही करू शकत नाही.

---

रूळबदल

महाराष्ट्राबाहेरचे दोन मार्ग थोडक्यात जोडतो, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी विचारेलच.

विशाखापट्टणम ते अरकू: किरंदुलला जाणारी सकाळची पॅसेंजर, तिला विस्टाडोम असतो. बोगद्यांची रांगच आहे, बोऱ्याच्या गुहांचं स्टेशन वाटेतच. जाताना रेल्वे, येताना रस्त्याने या. परतीची गाडी उशिरा धावली तर घाट अंधारात जातो.

कटरा ते श्रीनगर, जून २०२५ पासून. चिनाब पूल नदीपासून ३५९ मीटर उंच, बांधकाम म्हणून अफाट. पण खिडकीतून बघण्याच्या दृष्टीने आधीच सांगतो: कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरांत सुमारे ९७ किलोमीटर बोगदेच आहेत. पूल काही क्षणांत संपतो. खरं दृश्य बनिहालचा बोगदा ओलांडून काझीगुंडला बाहेर पडल्यावर सुरू होतं, सपाट खोरं आणि मागे पीर पंजाल. तपासणी कडक असते, स्टेशनवर भरपूर आधी पोहोचा.

---

सांजवारा

ठरलं. डिसेंबरात मांडवीने पनवेल-मडगाव आणि परत गोवा एक्सप्रेसने बेळगावपर्यंत. आदल्या रात्री पनवेलला मुक्काम करू. पावसाळ्यात डेक्कन एक्सप्रेस.

एक शेवटचं: आईला माथेरानची छोटी गाडी बघायची आहे. तीही पावसाळ्यात जमेल का?

---

घाटमाथा

नेरळहून नाही जमणार. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ-माथेरान सेवा दरवर्षी बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी मात्र पावसाळ्यातही चालते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जायचं, तिथे वाहनं थांबतात. जवळच अमन लॉज स्टेशन, तिथून वीस-एक मिनिटांत माथेरान. आईंना चालणं झेपत नसेल तर ही फेरीच घ्या, चिखलातून अडीच-तीन किलोमीटर चालण्यापेक्षा पुष्कळ बरी.

पण १९०७ ची ती दोन फुटी रुळांची खरी गाडी बघायची असेल तर तुमच्या डिसेंबरच्या फेरीला एक दिवस जोडा. पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी घ्या आणि तिथून सीएसएमटीकडे जाणारी लोकल, नेरळ दुसरं स्टेशन. छोट्या गाडीचं आरक्षण आधी होत नाही. गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी खिडकी उघडते आणि जागा मोजक्याच. शनिवार-रविवारी रांग त्याच्याही आधीपासून लागते, म्हणून मधला वार धरा आणि एकाने रांगेत, बाकीच्यांनी बाकावर बसावं. चढायला दोन-अडीच तास लागतात, डब्यात शौचालय नाही, तेव्हा ज्येष्ठांनी नेरळलाच आटोपून घ्यावं. खिडकीतून हात बाहेर नको, काही वळणांवर कातळ अगदी हातभर अंतरावर येतो. आणि वाटेत माकडं असतात, खाण्याची पिशवी मांडीवर उघडी ठेवू नका.